कोठीच्या दारातला वरवंटा

अन्साक्काला जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. शाहूपुरीच्या मागच्या बोळात तिची खानावळ होती. गूळ बाजारातले हमाल, कोर्टातले कारकून, राधानगरीकडची कॉलेजात शिकणारी मुलं रोज दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवून जात. पण ती स्वतः कधी जेवते आणि काय जेवते हे त्यांतल्या कुणालाही सांगता आलं नसतं. "अक्काचा आज वार हाय," एवढंच सगळ्यांना माहीत.

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा. त्यात संकष्टी आणि एकादशी. राहिलेल्या दिवशी ती सगळ्यांचं झाल्यावर बसते म्हणायची, आणि खानावळीत सगळ्यांचं कधी होत नसे. ओळखीच्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण देत. नुसतं पाण्यावर राहून दिवसभर चुलीपुढं उभी असते, म्हणत.

अंगानं मात्र ती भरलेली होती. चालताना दम लागायचा. शिवा नावाचा एक हमाल होता, तो हात धुता धुता म्हणायचा, "अक्का, उपास तू करतीस आन वाळतोय मी. कुठला देव धरलाईस, सांग की."

"तुझ्या बायकोला इचार. तिनं नवस बोललाय," असं ती म्हणायची. मग पंगत हसायची, तीही हसायची. तिचं हसणं बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. हसून झालं की तिचा चेहरा एकदम रिकामा व्हायचा. मी चुलीपाशी बसलेली असायचे, म्हणून मला ते दिसायचं.

मी तिच्याकडं भाकऱ्या थापायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर भावाच्या घरी राहत होते आणि तिथं माझं तोंड बंद असे, बाहेरही बंदच राहिलं. अन्साक्कानं पहिल्या दिवशी मला विचारलं, बोलत का न्हाईस? मी मान हलवली. ती म्हणाली, बरं हाय, ऱ्हा. आधीच्या दोघीजणी फार बोलत म्हणून तिनं काढल्या होत्या, हे मला नंतर कळलं. बोलणाऱ्या बाईची तिला एवढी भीती का, हे आणखी नंतर कळलं.

तिचा नवरा फार वर्षांपूर्वी मुंबईला गिरणीत म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. ती कुंकू लावायची, त्याचं नाव घेत नसे. वाढायची तिची एक रीत होती. "पुरे का?" असं ती कधी विचारत नसे. म्हणायची, घ्या. पावण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. "लाजू नका पावणं. पोट तुमचं हाय, भाकरी माझी हाय." कुणाला कांदा जास्त लागतो, कुणाला भाकरीचा पापुद्रा काढून हवा, सगळं तिच्या ध्यानात. कालवण ती चाखत मात्र नसे. मीठ मुठीच्या अंदाजानं टाकायची. उपासाच्या माणसानं चाखायचं कसं? आणि मीठ कधी चुकलं नाही.

दुपारी दोनच्या पुढं खानावळ रिकामी होई. मी मागच्या मोरीवर भांडी घासायला बसे आणि अन्साक्का कोठीत जाई. कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली बिनखिडकीची खोली. तिथं गुळाची ढेप, शेंगदाण्याचं पोतं, चिरमुऱ्यांचा डबा, सकाळच्या राहिलेल्या भाकऱ्या. आत गेल्यावर ती कडी लावायची. आतून आवाज यायचे. डब्याचं झाकण, कागद, गूळ फोडल्याचा. मधे श्वास घेतल्याचा. थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. बाहेर आली की डोळे लाल, पदराला चिरमुरे चिकटलेले. ती माझ्याकडं बघत नसे. सरळ मोरीवर येऊन तोंड धुवायची, आणि दुसऱ्या दिवशी कडक उपास, वार असो नसो. पाणीसुद्धा संध्याकाळी. मग तिसऱ्या दिवशी किंवा चौथ्या दिवशी पुन्हा कडी.

ती बाई उपास मोडते असं मला वाटलं नाही. ती बाई आजारी आहे असंही वाटलं नाही. काय वाटलं ते मला आठवत नाही. मी भांडी घासत होते.

तिचा भाऊ दत्तूअण्णा गूळ बाजारात अडत्याकडं कामाला होता. माणूस सरळ. सामान लवकर संपतं हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा पहिला संशय माझ्यावर होता, मग एका दुपारी तो अचानक आला आणि कोठीच्या दारावर थाप मारली. दार उघडायला वेळ लागला. उघडल्यावर तो तिच्याकडं बघत राहिला. ओरडला नाही. म्हणाला, "अन्सा, तुला जेवाय कमी पडतंय व्हय गं?" तिनं मान खाली घातली. एवढी थोर बाई, पंगतीला हुकूम सोडणारी.

त्यानं त्याला सुचलं ते केलं. दुसऱ्या दिवशी कोठीला कुलूप घातलं, किल्ली आपल्या कमरेच्या करगोट्याला बांधली. सकाळी येऊन दिवसाचं सामान काढून द्यायचा आणि कुलूप लावून बाजारात जायचा. अन्साक्का म्हणाली, बेस झालं. खरोखरच आठ-दहा दिवस बरे गेले. ती उपास आणखी कडक करू लागली. बायका म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय.

मग तो दिवस आला. दुपारी पंगत उठली. मी पाण्याची घागर घेऊन आले तर अन्साक्का उष्ट्या ताटांपुढं बसली होती. परक्या माणसांनी टाकलेले भाकरीचे तुकडे, आमटीत भिजलेले, ती एकेका ताटातून उचलून तोंडात घालत होती. घाईनं नाही. एक ताट संपवून दुसरं ओढत होती. आमच्यात नवऱ्याच्या ताटात बायको जेवते. पण हमालांचं, कारकुनांचं, ओळखपाळख नसलेल्या वाटसरूंचं उष्टं कुणी जित्या माणसानं खाल्लेलं मी ऐकलं नव्हतं.

तिनं वर बघितलं. हात थांबला.

"बघितलंस न्हवं?" ती म्हणाली.

मी घागर खाली ठेवली.

"चव लागत न्हाय गं. कशाचीच. जीभ मेल्यागत हाय. आन पोट भरल्यालं कळत न्हाय." मग पुढचं ताट बाजूला सारून म्हणाली, "आता खानावळ बंद. दसऱ्याला बंद करतो. अन्नात बसायची माझी लायकी न्हाय."

खानावळ बंद केली तर ती कुठं जाणार होती? दत्तूअण्णाच्या दोन खोल्यांत, भावजयीच्या चुलीपुढं. ते तिला माहीत होतं, मलाही. तिनं दत्तूअण्णाला सांगितलं. तो म्हणाला, बघ बाई, तुझं तू ठरव. पण त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला.

दसऱ्याच्या आधीच एका गुरुवारी तिच्या पोटात कळ आली आणि ती मोरीवर बसकण मारून राहिली. मी शेजारच्या खातूनभाभीला हाक मारली. माझ्या आठवणीत मी इतक्या मोठ्यानं मारलेली ती एकच हाक. खातूनभाभी जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. नवरा सायकली दुरुस्त करायचा. दोघींचं बोलणं रोजचं, भिंतीवरून. ती सुई पदरात खोचून तशीच आली, टांगा बोलावला, आम्ही तिघी दवाखान्यात गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोट दाबून बघितलं आणि शेवटचं कधी जेवलात असं विचारलं. अन्साक्का म्हणाली, आज गुरुवार हाय. डॉक्टरीण म्हणाली, मी वार नाही विचारला. मग हळूहळू सगळं निघालं. कोठी, कडी, कुलूप. ताटांचंही तिनं सांगितलं. खातूनभाभी भिंतीकडं बघत उभी होती. डॉक्टरीण रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "तुमचं खाणं उपासातनं येतंय. उपास सोडा. भूक असो नसो, ठरल्या वेळी ताट घेऊन बसा. आणि एखाद्या दिवशी पुन्हा तसं झालं, होईल, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. तीच खरी चूक आहे."

परतताना टांग्यात अन्साक्का म्हणाली, "ल्हान पोरगी हाय. देवाधर्माचं तिला काय कळतंय? ज्यास्त खाल्लं म्हणून आणखी खा म्हणती."

खातूनभाभीनं पदरातली सुई नीट खोचली. मग म्हणाली, "आमच्यात म्हयनाभर रोजं करत्यात की अक्का. पर रोजा सोडाय कुणी एकटं बसत न्हाय. वाटंवरचा माणूसबी बोलावून घेत्यात. तू दार लावून सोडतीस. सोडायचंच येत न्हाय तुला, मग धरतीस कशाला?"

अन्साक्का घोड्याच्या पाठीकडं बघत होती.

धरलेला वार असाच टाकता येत नाही. त्याचं उद्यापन करावं लागतं. व्रत पुरं झालं म्हणजे पूजा घालायची, सुवासिनी जेवायला बोलवायच्या, ओटी भरायची, मग मोकळं. अन्साक्कानं सगळ्या वारांचं उद्यापन एकदम काढलं. गुरुजी म्हणाले, बाई, व्रत कुठलं ते तरी सांगा. ती म्हणाली, सगळीच. असं होत नाही म्हणाले. "हुतंय की," अन्साक्का म्हणाली. "देव समदे एकाच फळीवर बसल्यात माझ्याकडं. त्यांस्नी चालतंय." गुरुजींनी पूजा घातली.

बोळातल्या बायका आल्या. ओळीनं पाट मांडले, मी वाढायला उभी राहिले. रीत अशी की उद्यापनाच्या बाईनं सगळ्यांना जेवू घालायचं आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन बसायचं. खातूनभाभीला तिनं मुद्दाम बोलावलं होतं, ती दाराशी उंबऱ्यालगत बसली. आणि पहिलं ताट वाढून होतंय तोवर अन्साक्का आतून आपला पाट घेऊन आली आणि खातूनभाभीच्या शेजारी टाकून बसली.

बायका तिच्याकडं बघू लागल्या. त्यांतल्या सगळ्यांत वडील काकू म्हणाल्या, "अन्सा, तू बसलीस तर वाढणार कोण गं?"

"ही हाय की."

"आन उद्यापन?"

"झालं की. पूजा झाली. आता माणसं जेवत्यात. मीबी माणूसच हाय काकू."

काकूंनी घास बराच वेळ उचलला नाही. मी वाढत गेले. ती पुरणपोळीचा लहान तुकडा मोडायची, तुपात बुडवायची, तोंडात ठेवायची आणि चघळत राहायची, औषधाची गोळी ठेवावी तशी. दुसरी पोळी घेऊन मी पुढं गेले तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "पुरे." आयुष्यभर तिनं लोकांच्या त्या हाताला जुमानलं नव्हतं. मी जुमानलं. नंतर भांडी घासताना ती म्हणाली, "पुरण न्हवतंच ते. माती हुती तोंडात. पर बसलो खरी."

दसऱ्याला खानावळ बंद झाली नाही. खातूनभाभीनं दत्तूअण्णाला सांगून कुलूप काढवलं. तो म्हणाला, भाभी, पुन्हा तसंच हुणार. भाभी म्हणाली, "कुलपानं काय झालं ते बघितलंस न्हवं?" मग तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कोठीच्या दाराच्या फटीत ठेवला. दार लागणारच नाही असा. वाटण वाटायला आम्ही नवा वरवंटा आणला. जुना तिथंच राहिला.

त्यानंतर अन्साक्का सकाळी पंगतीच्या आधी जेवायची. आधी देवाचा नैवेद्य काढून ठेवायची, मग तव्यावरची ताजी भाकरी, कालवण, आणि पाटावर बसून, ताट घेऊन. उभ्यानं काही तोंडात टाकायचं नाही, हा तिचाच नियम. कोर्टातले एक म्हातारे नाझर होते. रांधणारी बाई आधी जेवते हे त्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, पावण्याच्या आधी उष्टावलेल्या भांड्यातलं आम्ही जेवत नाही. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, ते गेले. त्यांच्यामागं आणखी दोघं गेले. दत्तूअण्णा काळजीत पडला. अन्साक्का म्हणाली, "जाऊ दे की. दुसरीकडं एखाद्या उपाशी बाईच्या हातचं खातील."

दुपारी दोनला, ज्या वेळेला ती कोठीत जायची, त्या वेळेला खातूनभाभी वाकळ घेऊन यायची आणि कोठीच्या दारासमोर पसरून शिवत बसायची. आम्ही तिघी जेवायचो. भाभी तिच्या घरचा डबा आणायची. बोलणं फारसं नसे. भाभी टाका घालायची, अन्साक्का घास घ्यायची. कधी मधेच अन्साक्काचा हात थांबे आणि नजर कोठीकडं जाई. भाभी म्हणे, "सुईत दोरा ओवून दे गं जरा, मला दिसंना." अन्साक्का दोरा ओवायला घ्यायची. भाभीचे डोळे चांगले होते.

यानं तिला बरं वाटू लागलं असं मी म्हणणार नाही. ती आनंदी दिसत नसे. नेमून दिलेलं काम करावं तशी जेवायची. पाऊस संपला, थंडी गेली. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या दिवसांत एकदा ती घास तोंडात घेऊन थांबली. मला वाटलं, ठसका लागला. ती म्हणाली, "आज मीठ ज्यास्त झालंय."

भाभीनं माझ्याकडं बघितलं. मी कालवण चाखलं. खरंच जास्त झालं होतं. तेव्हापासून तिचं मीठ अधूनमधून चुकू लागलं, कारण ती आता चाखून टाकायची. शिवा हमाल म्हणाला, "अक्का, हात बिघडला तुजा." ती म्हणाली, "हात बिघडला, जीभ सुधारली. जेव."

दत्तूअण्णा वारला त्या वर्षी ती पुन्हा एकदा पडली. गावाकडं त्याचं दिवसकार्य उरकून ती परत आली होती. भाभी लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला गेली होती. मी दुपारी मोरीवरून आले तर वरवंटा बाजूला सरकवलेला आणि दार बंद. आतून तेच आवाज. मी बाहेर बसले. किती वेळ ते सांगता येत नाही. दार वाजवलं नाही, उठूनही गेले नाही. ती बाहेर आली, मला बघितलं, आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला गुळाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. मला वाटत होतं, आज चूल पेटलेली नसेल, ती उपाशी देवापुढं बसलेली असेल आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. चूल पेटलेली होती. वरवंटा दारात होता. अन्साक्का आपल्या पाटावर बसली होती. चेहरा सुजलेला, नजर कुठंच न ठरणारी. पुढं रिकामं ताट.

"वाढ," ती म्हणाली.

मी भाकरी वाढली.

"जात न्हाय घशाखाली. पर वाढ. काल झालं ते कालचं हाय. आज आजची भाकरी खायाची."

तिनं ती भाकरी संपवली. फार वेळ लागला. पावणे आले तरी ती जेवत होती, आणि त्यांनी तिला जेवताना बघितलं. मला विचाराल तर, तिला करताना मी बघितलेलं सगळ्यांत अवघड काम हेच.

पुढं काही वर्षांनी खातूनभाभी गेली. बोळात नवीन हॉटेलं झाली, अन्साक्काचे गुडघे गेले, खानावळ तिनं आपल्या मनानं बंद केली. कुणाला लाजून नाही. भाचीनं, दत्तूअण्णाच्या लेकीनं, तिला कळंब्याला नेलं. मी दुसरीकडं स्वयंपाकाला लागले. जाणं व्हायचं नाही.

एकदाच गेले. दुपारची वेळ होती. भाची कामावर गेलेली. घर रस्त्याला लागून, तळ्याकडून वारं येत होतं. अन्साक्का पुढच्या दारात उंबऱ्यावर बसली होती, वाळलेली, केस पांढरे, मांडीवर ताट. मला तिनं लगेच ओळखलं. "आलीस? बस. तुझं ताट आण आतनं."

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या दारात पाय अडखळला. खाली बघितलं तर वरवंटा. झिजून मधे बारीक झालेला, आमचाच. मी माझं ताट वाढून घेतलं आणि बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. मी विचारलं, आत का नाही बसत, ऊन लागतंय. ती म्हणाली, "भाभी न्हाय आता. आत कोण हाय बघाय? हितं रस्ता हाय."

एक माणूस म्हशी घेऊन चालला होता. त्यानं विचारलं, "आजी, जेवताय व्हय?"

"व्हय, जेवतो. या की जेवाय."

तो हसून पुढं गेला. बहुधा रोजच विचारत असावा. आम्ही जेवलो. तिनं जुन्या कुणाची चौकशी केली नाही, मीही काही सांगितलं नाही. माझं ताट मी धुवून ठेवलं. तिची अर्धी भाकरी अजून राहिली होती. मी निघाले तेव्हा ती उठली नाही. म्हणाली, सावकाश जा.

समोरच बस मिळाली. खिडकीतून ती दिसत होती. उंबऱ्यावर, मांडीवर ताट घेऊन, लहान तुकडा मोडून तोंडात घालत. रस्त्यानं माणसं जात होती आणि ती त्यांच्या देखत चावत होती. बस वळेपर्यंत ती जेवत होती.